रबरबँड: निवड, साठवण, बांधणी आणि तो कुठे लावू नये

ज्या घरात रबरबँड कधी विकत आणला जात नाही, तिथेही तो ढिगाने सापडतो. कोथिंबिरीच्या जुडीचा, मिठाईच्या खोक्याचा, हॉटेलातून आलेल्या चटणीच्या पिशवीचा. आपण तो काढतो, नळाला किंवा दाराच्या कडीला अडकवतो आणि गरज पडली की तिथून ओढून घेतो. आणि घाईच्या वेळी नेमका तो हातात तुटतो.

माझ्या वडिलांची वर्तमानपत्रांची लाइन होती. पहाटे साडेचारला फुटपाथवर गठ्ठे सुटायचे, पुरवण्या भरायच्या आणि वरच्या मजल्यांवर फेकायच्या अंकांच्या गुंडाळ्या करायच्या. गुंडाळ्यांचं काम माझ्याकडे असायचं. रबरबँड किलोवर यायचे. त्या वयात हातांना जे कळलं त्यातलं मुख्य इतकंच, की रबरबँड ही थोड्या वेळेची बांधणी आहे. तासाची, दिवसाची, फार तर काही आठवड्यांची. सुतळी वर्षभर बांधून विसरून जाता येते, रबरबँड विसरायचा नाही. खाली जे काही सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

रबर ताणतं कसं आणि मरतं कसं

झाडाच्या चिकापासून रबर बनतं. भारतात त्याची मोठी लागवड केरळात, आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूलाही रबराच्या बागा आहेत. नुसता चीक सुकवला तर ते रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला असं आढळलं की त्यात गंधक मिसळून तापवलं तर रबर दोन्ही ऋतूंत टिकतं. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब, गुंतलेले धागे. गंधक त्यांना जागोजागी टाके घालतं. ताणलं की धागे सरळ होतात, सोडलं की टाके त्यांना पुन्हा पहिल्या जागी आणतात. पुढे १७ मार्च १८४५ रोजी लंडनच्या स्टीफन पेरी यांनी कागद आणि पाकिटं बांधायच्या रबरी पट्टीचं पेटंट घेतलं. आजही कारखान्यात रबराची लांब नळी काढतात, ती भाजून पक्की करतात आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशी कापतात. प्रत्येक चकती म्हणजे एक रबरबँड.

एक छोटा प्रयोग जरूर करून बघा. जरा रुंद रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला टेकवा. तो कोमट लागेल. तसाच ताणलेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग एकदम ढिला सोडून पुन्हा टेकवा. आता गार लागेल. जॉन गॉफ यांनी १८०५ मध्ये याचं वर्णन केलं होतं. मुलांना दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही. फक्त रबरबँड स्वच्छ धुतलेला असावा, आणि ताणताना तो डोळ्यांसमोर धरू नये.

रबर मरतं ते ऊन, उष्णता, तेल आणि हवेतल्या ओझोनमुळे. यातल्या प्रत्येकाचं काम रबर ताणलेलं असताना जास्त जोरात होतं. डब्यात ढिला पडलेला रबरबँड वर्षानुवर्षं राहतो; तोच बरणीवर ताणून उन्हाच्या खिडकीत ठेवला तर एका मे महिन्यात संपतो. आधी तो मऊ, चिकट होतो, मग कडक होतो आणि शेवटी त्याचे तुकडे पडतात. ओझोनची खूण वेगळी. ताणाच्या आडव्या दिशेने बारीक बारीक चिरा दिसतात, वाळलेल्या चिखलावर असतात तशा.

म्हणून वापरायच्या आधी दोन सेकंद एवढं करा: रबरबँड दुप्पट ताणा, उजेडाकडे धरा आणि कडा बघा. चीर दिसली की टाकून द्या. तो रबरबँड अजून एकदा चालेल, पण ते एकदा कधी संपेल हे आपल्या हातात नसतं.

विकत घेताना

पाकिटावर इंचात आकार लिहिलेला असतो. तो कधी वर्तुळाचा व्यास असतो, तर कधी रबरबँड चपटा करून मोजलेली लांबी. त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. रबरबँड न ताणता टेबलावर चपटा ठेवा आणि पट्टीने मोजा. आलेल्या लांबीची दुप्पट म्हणजे त्याचा घेर. चपटा ५ सेंटिमीटर भरला तर घेर १० सेंटिमीटर.

मी जो हिशेब लावते तो असा: ज्याला बांधायचं त्या वस्तूचा घेर रबरबँडच्या घेराच्या दीडपट ते अडीचपट असावा. दीडपटीच्या खाली पकड बसत नाही. अडीचपटीच्या वर गेलात तर रबरबँडही लवकर जातो आणि वस्तूही दबते. १० सेंटिमीटर घेराचा रबरबँड १५ ते २५ सेंटिमीटर घेराच्या वस्तूला एका वेढ्यात छान बसतो. जॅमच्या बाटलीचा घेर साधारण २२ सेंटिमीटर असतो, तिथे तो नेमका लागतो. चांगलं रबर पाच-सहा पट ताणतं हे खरं, पण ताणता येतं म्हणून ताणायचं नसतं.

आता रुंदी. दीड-दोन मिलिमीटरचे बारीक रबरबँड पुड्या आणि पाकिटांसाठी. पाच-सहा मिलिमीटरचे रुंद रबरबँड जिथे पकड हवी पण काप नको तिथे: कागदांची चळत, भाजीची जुडी, घट्ट बसलेलं झाकण. घरात दोन्ही हवेत. बहुतेक घरांत फक्त बारीक असतात आणि मग त्यांचेच चार-चार वेढे घालून काम भागवलं जातं, त्यात वस्तूला चरे पडतात.

दुकानात पाकीट उघडून बघायला मिळालं तर एक रबरबँड तिप्पट ताणा, दहा आकडे मोजा, सोडा आणि न ताणलेल्या दुसऱ्याशेजारी ठेवा. दोघांची लांबी सारखी दिसली तर माल चांगला. ताणलेला लांबट राहिला तर त्यात भेसळ जास्त आणि रबर कमी. रंगीत, चमकदार रबरबँड ‘नायलॉन’ म्हणून विकले जातात. त्यांनाही हीच परीक्षा लावायची, नावावर किंवा रंगावर जायचं नाही. आणि घरासाठी १०० ग्रॅमच्या वर आणू नका. अर्ध्या किलोचं पाकीट स्वस्त पडतं, पण उरलेले रबरबँड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकमेकांना चिकटून बसतात.

घरात कुणाला रबरी हातमोजे किंवा फुगे लागून अंगाला खाज सुटत असेल, तर त्यांनी साध्या रबरबँडपासूनही लांब राहावं. नैसर्गिक रबराच्या चिकाची ती ॲलर्जी असू शकते.

साठवण

नळावरची आणि कडीवरची माळ आधी उतरवा. कडीवर रबरबँड थोडा का होईना ताणलेला असतो, आणि गॅसजवळ असेल तर वाफ आणि तेलही त्याला लागतं.

१. सगळे रबरबँड एका ताटात पसरा. चिकट, कडक, चिरा गेलेले बाजूला काढा आणि टाका.
२. भाजीला किंवा खाण्याच्या पाकिटांना आलेले कोमट पाण्यात साबण घालून चोळून धुवा, दोनदा खळबळा आणि फडक्यावर सावलीत वाळवा. उन्हात नाही.
३. पूर्ण कोरडे झाल्यावर एका पिशवीत घालून चिमूटभर टाल्कम पावडर टाका आणि हलवा. स्वयंपाकघरात वापरायचे असतील तर पावडरऐवजी कॉर्नफ्लोअर. यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत.
४. घट्ट झाकणाच्या, आतलं न दिसणाऱ्या डब्यात ठेवा. स्टीलचा छोटा डबा उत्तम.
५. डबा कपाटात खालच्या कप्प्यात. ओट्याच्या वरचं कपाट आणि फ्रिजचा माथा या दोन्ही जागा तापतात.

फ्रिजच्या आत ठेवले तरी चालतं, थंडीत रबर सावकाश म्हातारं होतं. फक्त बाहेर काढल्यावर तळहातात धरून जरा ऊब येऊ द्या आणि मग ताणा. गार रबर कडक असतं.

मुलं रबरबँडचा चेंडू करतात. खेळायला ठीक आहे, साठवायला नाही, कारण त्या चेंडूतला प्रत्येक रबरबँड कायम ताणलेला असतो.

बांधायच्या तीन पद्धती

नुसता एक वेढा सगळ्यांना येतो. त्यापुढच्या या तीन हाताला बसवून घ्या.

*दुहेरी वेढा.* रबरबँड वस्तूवर चढवा. मोकळी राहिलेली बाजू दोन बोटांनी धरून वस्तूपासून लांब ओढा, एक पीळ द्या म्हणजे इंग्रजी आठासारखा आकार होईल, आणि उरलेली कडी पुन्हा वस्तूवरून चढवा. पीळ सपाट जागी येईल असं बघा, कोपऱ्यावर आला तर तिथेच तुटतो.

*फासा.* दांडीला, खिळ्याला किंवा काठीला रबरबँड पक्का अडकवायचा असेल तर. रबरबँड दांडीच्या मागून घ्या म्हणजे दोन्ही बाजूंना दोन कड्या येतात. एक कडी दुसरीतून ओवून ओढा. जितकं ओढाल तितकी गाठ घट्ट, आणि सोडवायला गाठ मागे ढकलली की झालं.

*जोड.* एक रबरबँड पुरत नसेल तर दोन ताणून चढवू नका. पहिल्यावर दुसरा अर्धा ठेवा, दुसऱ्याची खालची कडी पहिल्याखालून वर आणा, स्वतःच्याच वरच्या कडीतून ओवा आणि हलकेच ओढा. गाठ हळू आवळायची. झटका दिला तर रबर रबरावर घासून तापतं आणि गाठीत चीर जाते. अशा तीन-चारांच्या साखळीने मोठं खोकंही उभं-आडवं बांधता येतं.

वडिलांनी वर्तमानपत्राची गुंडाळी शिकवली तीही इथेच सांगते, कारण नकाशा, कॅलेंडर, चार्टपेपर सगळ्याला तीच लागू पडते. अंकाची उभी घडी घालायची आणि घडीच्या कडेकडून गुंडाळायला सुरुवात करायची, मोकळ्या कडांकडून नाही. नाहीतर फेकल्यावर हवा शिरून अंक फुलतो. पहिले दोन वळसे सगळ्यात घट्ट, पुढचे आपोआप बसतात. रबरबँड आधीच उजव्या हाताच्या तीन बोटांवर चढवून ठेवायचा. गुंडाळी त्या बोटांत सरकवायची आणि बोटं मागे ओढून घ्यायची, रबरबँड मागे राहतो. बसवायचा तो टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर. टोकाला लावला तर निसटतो. चार-साडेचार सेंटिमीटर जाडीच्या गुंडाळीचा घेर १३-१४ सेंटिमीटर होतो, तेव्हा त्याला ५ सेंटिमीटर लांबीचा रबरबँड दुहेरीच हवा, नाहीतर तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सुटतो. वडील ताशी किती गुंडाळ्या करायचे ते मी कधी मोजलं नाही, पण त्यांचा हात चालताना रबरबँडचा आवाज एका लयीत यायचा, टप्प, टप्प, आणि चहा येईपर्यंत ढीग संपलेला असायचा.

स्वयंपाकघरात

भाजीची जुडी घरी आली की पहिलं काम म्हणजे तिचा रबरबँड काढणं. कोथिंबीर, मेथी, पालक सगळ्यांचं. रबरबँडखाली देठ चिरडलेले असतात आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. कोथिंबीर तशीच बांधलेली फ्रिजमध्ये ठेवलीत तर तिसऱ्या दिवशी मधोमध काळा पट्टा दिसतो, आणि दोष मात्र फ्रिजला दिला जातो.

रवा, पोहे, फरसाण यांचं उघडलेलं पाकीट बंद करताना बहुतेक जण तोंडाला पीळ देतात आणि चार वेढे आवळतात. पिळाच्या जागी प्लास्टिक फाटतं आणि पावसाळ्यात हवा तिथूनच शिरते. त्याऐवजी असं करा. पाकीट खालून वर दाबत हवा काढा. तोंडाची दोन बोटं रुंद घडी घाला, मग घडीवर घडी, थेट मालाला टेकेपर्यंत. दोन्ही कोपरे मागच्या बाजूला दुमडा. आता रबरबँड पाकिटाला उभा, म्हणजे वरून खाली चढवा, घडी त्याच्या खाली दबली पाहिजे. एवढं केलं की मुंग्याही येत नाहीत.

मटकीला मोड आणायला रुंद तोंडाची काचेची बरणी आणि रबरबँड फार कामाचा. आठ-दहा तास भिजवलेली मटकी बरणीत अर्ध्याखाली भरा, तोंडावर सुती पातळ फडकं घाला, रबरबँडने बसवा आणि बरणी उपडी करून पाणी निथळा. मग ती तिरकी टेकवून ठेवा. सकाळ-संध्याकाळ फडक्यावरूनच पाणी घालून पुन्हा निथळा. फडकं सोडवावं लागत नाही हा यातला खरा फायदा.

पण लोणच्याच्या किंवा मोरावळ्याच्या बरणीला दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधायचा तर रबरबँड वापरू नका. तिथे सुती दोराच हवा. तेल लागलं की रबर फुगतं, सैल पडतं. उन्हात ठेवलेल्या बरणीवर तर ते आठवड्यात तुटतं आणि फडकं पाकात पडतं. आपल्या आज्यांनी दादऱ्याला दोरा बांधला तो उगीच नाही.

डब्यात द्यायचं सफरचंद काळं पडू नये म्हणून: सफरचंद उभं धरा, मधला बियांचा गाभा सोडून चार बाजूंनी चार काप घ्या, काप पुन्हा जागेवर बसवून अख्खं सफरचंद करा आणि रुंद, धुतलेला रबरबँड घाला. कापलेल्या बाजूला हवा कमी लागते, त्यामुळे मधल्या सुटीपर्यंत रंग बराच टिकतो. रबरबँड परत आणायला मुलाला सांगून ठेवा. अगदी लहान मुलाला असा डबा देऊ नका.

घट्ट झाकण उघडायला रुंद रबरबँड झाकणाच्या कडेवर चढवा, हात आणि बाटली दोन्ही कोरडे पुसा, मग फिरवा. माझ्या सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे. झाऱ्याच्या दांड्याला, पेनाला आणि टूथब्रशला मी रुंद रबरबँड एकाशेजारी एक चढवून दिले, म्हणजे जाडी वाढली आणि पकड आली. मूठ आवळावी लागत नाही म्हणून त्या आता स्वतःची सही स्वतः करतात. दर महिन्याला हे रबरबँड बदलते, कारण हाताचा घाम आणि तेल त्यात मुरतं. झाऱ्याचा रबरबँड धरायच्या टोकाला असतो, विस्तवाकडे अजिबात नाही.

कुकर, गरम पातेलं, मायक्रोवेव्ह यांच्या जवळ रबरबँड नको. शिजवताना मसाल्याची पुरचुंडी बांधायलाही दोराच.

दुरुस्तीत

स्क्रूची खाच झिजली असेल तर रुंद रबरबँडचा तुकडा सपाट करून खाचेवर ठेवा, त्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवा, जोर खाली द्या आणि सावकाश फिरवा. रबर झिजलेली जागा भरून काढतं. थोड्या झिजलेल्या स्क्रूला हे चालतं. गंजून बसलेल्याला नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो चिकटवताना लागणारा दाब. लाकूड चिकटवायचा गोंद चांगला असून उपयोग नसतो, तो सुकेपर्यंत दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरावे लागतात, आणि शिकंजा घरोघरी नसतो. आमच्या पोळपाटाचा एक पाय सुटला होता. तो असा बसवला:

१. पायावरचा आणि पोळपाटाच्या खालचा जुना गोंद पॉलिश पेपरने घासून लाकूड उघडं केलं, धूळ पुसली.
२. पोळपाट उलटा ठेवून पाय गोंद न लावता जागेवर ठेवून बघितला आणि चार रबरबँडची साखळी किती ताणावी लागते ते आधीच पाहिलं. गोंद लावल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.
३. दोन्हीकडे फेव्हिकॉलचा पातळ थर दिला, पाय दाबून जरासा इकडेतिकडे सरकवला म्हणजे थर सारखा पसरला.
४. पायाच्या माथ्यावर पिशवीच्या प्लास्टिकचा तुकडा ठेवला, नाहीतर रबर गोंदाला चिकटतं. त्यावरून एक साखळी आडवी, एक उभी, अशी फुली घेतली.
५. बाजूला आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसला. २४ तास हात लावला नाही.

दोन साखळ्यांचा ताण सारखा हवा, नाहीतर पाय एका बाजूला कलतो. माझा पहिल्यांदा कलला होता. गोंद ओला होता म्हणून सोडून पुन्हा बांधता आला.

हँगरच्या दोन्ही टोकांना रबरबँड गुंडाळला की ब्लाउज आणि रेशमी कुर्ते घसरत नाहीत. रंगाच्या उघड्या डब्यावर एक रबरबँड उभा चढवला तर त्याला ब्रश निपटता येतो आणि डब्याची कड स्वच्छ राहते. ऑइलपेंट असेल तर काम झाल्यावर तो टाकून द्यायचा.

सायकलच्या ट्यूबचे पट्टे

उन्हापावसात रबरबँड चालतच नाही. तिथे सायकलची जुनी ट्यूब घ्यावी. पंक्चरवाल्याकडे निकामी ट्यूब सहज मिळते. बहुतेक ट्यूब ब्यूटिल नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात आणि त्या हवेपुढे, उन्हापुढे साध्या रबरापेक्षा पुष्कळ जास्त टिकतात.

व्हॉल्व्ह असलेला भाग कापून काढा. उरलेली नळी साबणाच्या पाण्यातून धुवा, आतली पांढरी पावडर निघू द्या, वाळवा. चपटी करून पाटावर ठेवा आणि धारदार कात्रीने आडवे काप घ्या. एका कापाला एकच चाल द्या, मध्ये कात्री थांबली की तिथे दातरा राहतो आणि ताणल्यावर तिथूनच फाटतं. एक सेंटिमीटर रुंदीचे पट्टे झाडाच्या आधारकाठीला, दोन सेंटिमीटरचे गॅलरीतल्या ताडपत्रीला. त्याहून मोठं काम असेल तर नळी गोल गोल, जिन्यासारखी तिरकी कापत न्या, म्हणजे एकच लांब पट्टी निघते. पाण्याचा पाइप नळावरून निसटत असेल तर तीच पट्टी ताणून आठ-दहा वेढे घाला आणि शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खोचा.

रोपाला बांधताना मात्र कोणतंही रबर घट्ट नको. खोड आणि पट्ट्यात बोट जाईल एवढी फट ठेवा आणि दर दोन महिन्यांनी बघा. खोड जाड होतं, पट्टा होत नाही.

अंगावर लावू नये

या भागात मी कुणाच्याही सवयीची भीड धरणार नाही.

लहान मुलाच्या मनगटात किंवा पायात रबरबँड घालू नका, खेळताना मुलाने स्वतः घातला असेल तर झोपायच्या आधी काढा. विसरलेला रबरबँड हळूहळू कातडीत रुततो, वरून कातडी भरून येते आणि आत तो तसाच राहतो. हात सुजतो, जखम वाहते आणि बाहेरून काही दिसत नसल्याने निदानही उशिरा होतं. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अशी मुलं पाहिली आहेत, शस्त्रक्रिया करून रबरबँड काढले आहेत. मनगटाभोवती गोल वळ आणि न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

दातांतली फट बुजवायला दोन दातांवर रबरबँड चढवायचा घरगुती उपाय करू नका. दात मुळाकडे निमुळता असतो, रबरबँड हिरडीखाली सरकत जातो, हाड खातो आणि चांगला दात हलायला लागतो. दंतवैद्य तारांबरोबर वापरतात ते रबर वेगळं आणि त्यांच्या देखरेखीतलं.

साप चावल्यावर हातपाय रबरबँडने, ट्यूबने किंवा कशानेच करकचून बांधू नये. रक्त अडून अवयव जायची भीती असते. चावलेला भाग हलू न देता, काठीचा किंवा फळीचा आधार देऊन लगेच दवाखाना गाठावा.

केसांना उघडा रबरबँड लावला की काढताना केस तुटतात. कापडाने मढवलेलाच घ्या. आणि मांजर-कुत्रं घरात असेल तर जमिनीवर पडलेला रबरबँड लगेच उचला. गिळला तर तो आतड्यात अडकतो.

कागद, नोटा, चांदी

नोटांच्या पुडक्यांना टाचण्या मारू नयेत, कागदी पट्टी लावावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना दिला. घरीही जास्त दिवस ठेवायच्या रकमेला कागदी पट्टीच करा: दोन बोटं रुंद कागद, नोटांभोवती एक वेढा, टोक टोकाला चिकटवलेलं. रबरबँड नोटांच्या कडा आत वळवतो आणि उन्हाळ्यात चिकटतो. चांदीची नाणी, पैंजण, निरांजन यांच्याजवळ रबरबँड ठेवूच नका. रबरातलं गंधक चांदीला काळं करतं, आणि जिथे टेकतो तिथे नेमका काळा पट्टा उमटतो. फोटोंचंही तेच.

आईच्या ट्रंकेत तिच्या वडिलांची अंतर्देशीय पत्रं होती, एका गठ्ठ्यात, वर रबरबँड. गठ्ठा बांधला मीच, शाळेत असताना, बाबांच्या पाकिटातला रबरबँड घेऊन. वीस-बावीस वर्षांनी ट्रंक उघडली तेव्हा त्या रबरबँडचा तपकिरी डिंक झाला होता आणि वरच्या पत्राच्या पत्त्यावरून आडवा गेला होता. तुमच्याकडे असं काही निघालं तर ओढू नका. मी जे केलं ते असं.

गठ्ठा सपाट ठेवून आधी सुटे, कडक तुकडे चिमट्याने उचलले. कागदाला चिकटलेला भाग बांबूच्या चपट्या काडीने, कागदाला जवळजवळ समांतर धरून, एका वेळी दाण्याएवढा खरवडला. एका हाताचं बोट कागदावर शेजारीच टेकवून ठेवलं, म्हणजे कागद उचलला जात नाही. पाणी, रॉकेल, थिनर काहीही लावलं नाही. शाई पसरते आणि चिकट भाग कागदात आणखी खोल जातो. मऊ राहिलेला अंश पांढऱ्या खोडरबराने चोळला नाही, नुसता टेकवून टेकवून उचलला. एका पत्राला तासभर लागला. मग प्रत्येक पत्रात कोरा कागद घातला, सगळी पत्रं मोठ्या पाकिटात ठेवली आणि बाहेरून सुती फीत बांधली, सैल, एका गाठीची. डाग गेला नाही. पत्त्यातलं गावाचं नाव त्याच्याखाली आहे, उजेडासमोर धरलं की वाचता येतं.